कपाट, कूलर आणि दोन मुलं

दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्याच एका गावी, मशिदीला लागून असलेल्या खोलीत बैठक बसली होती. खुला व्हायचा होता. मुलीकडचे आठ-दहा जण, मुलाकडचे तेवढेच, जमातीचे सदर, मौलाना, आणि शाळेत मराठी शिकवतो म्हणून मुद्दाम बोलावलेला मी. कागद मराठीत करायचा होता. मजकूर मी सांगायचा आणि स्टॅम्प वेंडरकडच्या पोराने टाइप करायचा, असं ठरलं होतं.

मुलीच्या वडिलांनी शाळेच्या वहीत सामानाची यादी लिहून आणली होती. लोखंडी कपाट, दिवाण, कूलर, मिक्सर, भांडी, चांदीच्या तोरड्या, गाद्या. एकेका वस्तूवर चर्चा झाली. मिक्सरचं एक भांडं फुटलं होतं, ते कोणी फोडलं यावर अर्धा तास गेला. कूलर लग्नात दिला होता की नंतर घेतला होता, यावर एक चाचा उठून चालले होते, त्यांना हाताला धरून बसवावं लागलं. असे दोन तास गेले. मग चहा आला. चहा पिता पिता कोणीतरी म्हणालं, "और बच्चों का?"

सदर साहेब म्हणाले, "बेटा बाप का, बेटी माँ की. और क्या!"

सगळ्यांनी माना हलवल्या. मौलाना गप्प राहिले. शेजारच्या खोलीत बायकांमध्ये बसलेल्या त्या मुलीला याबद्दल कोणी विचारलं नाही. तिला फक्त खुला कबूल आहे का, एवढंच विचारलं गेलं होतं. मुलगा चार वर्षांचा होता आणि मुलगी दीड वर्षाची. पाच मिनिटांत दोघांची वाटणी झाली. मी मजकूर सांगितला: मुलगा वडिलांकडे राहील, मुलगी आईकडे राहील, यापुढे दोन्ही पक्षांची एकमेकांकडे कोणतीही मागणी राहणार नाही. खाली साक्षीदारांच्या सह्या झाल्या. त्यात माझीही आहे.

त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. कूलर कोणत्या कंपनीचा, हे त्यात लिहिलेलं आहे. मुलांची नावं नाहीत.

एवढी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की, जे झालं ते रीतीप्रमाणे झालं, शरियतप्रमाणे झालं, मी काय करणार होतो. नंतर हा विषय वाचत गेलो, चार आलिमांना आणि दोन वकिलांना विचारत गेलो, तेव्हा कळलं की आमचा तो कागद शरियतप्रमाणेही नव्हता आणि कायद्याप्रमाणेही नव्हता. तो फक्त आमच्या सोयीप्रमाणे होता. असे कागद आजही होतात. कारंज्यात होतात, रिसोडला होतात, मंगरूळपीरला होतात. तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचे, आता पाचशेच्या होतात, एवढाच फरक. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना राग यायचा असेल त्यांना येऊ द्या.

आधी शरियतचंच बघू, कारण बैठकीत हत्यार म्हणून तीच बाहेर काढली जाते.

फिकहमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची खिचडी केली आहे. एक हिजानत, म्हणजे मूल जवळ ठेवणं, त्याला न्हाऊ-माखू घालणं, वाढवणं. दुसरी वलायत, म्हणजे त्याच्या मालमत्तेचा, निकाहचा, शिक्षणाचा कायदेशीर कारभार. वलायत बापाची. हिजानतीत पहिला हक्क आईचा. हनफी मजहबात, आणि आपल्या वऱ्हाडातले बहुतेक सुन्नी हनफी आहेत, मुलगा 7 वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. म्हणजे "बेटा बाप का" हे वाक्य चार वर्षांच्या पोराबद्दल बोललं गेलं, तेव्हा सदर साहेबांनी ज्या मजहबाचं नाव घेतलं त्याच मजहबाचा नियम मोडला. मौलानांना तो माहीत असणारच. ते का बोलले नाहीत, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. मलाही तेव्हा कुठे कोणी काही विचारलं होतं!

आता हे 7 वर्षं आले कुठून? कुरआनात मुलाच्या ताब्याचं वय दिलेलं नाही. फकीहांनी अंदाज बांधला की या वयाला मुलगा आपल्या हाताने खातो, कपडे घालतो, स्वतःची स्वच्छता करतो, तेव्हा त्याला आईच्या हातांची गरज कमी होते. हा त्या काळच्या विद्वानांचा विचार आहे आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे केला. पण सगळ्यांनी एकच विचार केला नाही. शाफई मजहबात मुलाला समज आली की तो स्वतः आई किंवा बाप निवडतो. मालिकी मजहबात मुलगा वयात येईपर्यंत आईकडे राहतो. शिया फिकहमध्ये मुलगा 2 वर्षांपर्यंत आणि मुलगी 7 वर्षांपर्यंत आईकडे. आपले कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. म्हणजे रत्नागिरीत 8 वर्षांच्या पोराला विचारायचं की बाबा, तुला कुणाकडे राहायचंय, आणि वाशिममध्ये त्याच वयाच्या पोराला न विचारता उचलून न्यायचं. कलमा तोच, किबला तोच, घरात बोलतानाची मराठीसुद्धा थोडीफार तीच. मग यातलं "अल्लाहचा हुकूम" कोणतं आणि माणसाने लावलेला अर्थ कोणता, हे सांगायची जबाबदारी मौलानांची नाही तर कुणाची?

हदीसमधले प्रसंग बैठकीत कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. एक बाई पैगंबरांकडे (सल्ल.) आली. जे मूल तिने पोटात वाढवलं, अंगावर पाजलं, ते तलाकनंतर बाप हिसकावू पाहत होता. तू दुसरा निकाह करीपर्यंत त्याच्यावर तुझाच हक्क जास्त, असा निवाडा तिला मिळाला. दुसऱ्या प्रसंगात आई-बाप दोघेही मुलावर हक्क सांगत होते. पैगंबरांनी (सल्ल.) मुलालाच सांगितलं की, ही तुझी आई, हे तुझे वडील, हवा त्याचा हात धर. पोराने आईचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली. तिसरा प्रसंग तर हजरत उमर यांच्या स्वतःच्या घरातला. तलाक दिलेल्या बायकोकडचा मुलगा त्यांनी उचलला, मुलाच्या आजीशी वाद झाला, प्रकरण खलिफा अबू बक्र यांच्याकडे गेलं आणि निकाल उमर यांच्या विरोधात लागला. उमर यांनी तो ऐकला. आमच्या गावातला सदर उमर यांच्यापेक्षा मोठा आहे काय?

दुसऱ्या निकाहचं म्हणाल तर तिथेही आपण अर्धीच गोष्ट सांगतो. आईने परक्या माणसाशी निकाह केला की तिची हिजानत जाते, हे प्रत्येकाला पाठ आहे. पण जाते कुणाकडे? बापाकडे? नाही. हनफी क्रमात तिच्यानंतर आईची आई येते, म्हणजे नानी. तिच्यानंतर दादी. नंतर बहिणी, मग खाला. बायकांचा तो क्रम संपल्यावर पुरुषांचा नंबर लागतो. "तिने दुसरं घर केलं, आता पोरं आमची" असं म्हणत जीप घेऊन येणाऱ्यांनी हा क्रम एकदा वाचावा. आणि बापाने दुसरा निकाह केला, घरात सावत्र आई आणली, तर बैठकीत कोणी चकार शब्द काढतो? त्याचं दुसरं लग्न म्हणजे पोरांची सोय आणि तिचं दुसरं लग्न म्हणजे गुन्हा!

खुल्याबद्दल तर सगळ्यात मोठी लबाडी चालते. बाईला सुटका हवी असते, नवरा अडून बसतो. मेहर सोड, मग खुला देतो. मेहर सोडला. दागिने सोड. सोडले. आता पोरगा सोड. तीही शेवटी थकते आणि अंगठा देते. हनफी ग्रंथांत स्पष्ट आहे की खुल्याच्या बदल्यात आईने मुलाचा ताबा सोडला, तर खुला होतो पण ती अट रद्द ठरते. कारण हिजानत हा नुसता आईचा हक्क नाही, मुलाचा आहे, आणि मुलाची वस्तू आईला विकता येत नाही. तशीच गोष्ट खर्चाची. मूल कुणाकडेही राहो, त्याचा नफका बापावर आहे. आईने रागाच्या भरात "मला काही नको, मी वाढवीन" असं लिहून दिलं आणि उद्या तिच्या हातात काही राहिलं नाही, तर तो खर्च पुन्हा बापाच्याच गळ्यात येतो. मूल उपाशी ठेवण्याचा करार शरियतला मान्य नाही. इतकंच काय, इद्दत संपल्यावर जी आई मूल सांभाळते तिला त्या सांभाळण्याची उजरत, म्हणजे मोबदला, देण्याची तरतूद हनफी फिकहमध्ये आहे. गेल्या 30 वर्षांत वाशिम जिल्ह्यातल्या एकाही बैठकीत हा शब्द उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. ऐकलं असेल कोणी तर मला कळवा.

मी सांगितलेल्या मजकुरातलं तिसरं वाक्य आठवा, की यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही. त्या एका वाक्यात दीड वर्षाच्या पोरीचा 16-17 वर्षांचा खर्च गेला आणि आईचं पोराला भेटणंही गेलं. मला ते वाक्य भारदस्त वाटलं होतं.

आता सरकारी कायद्याकडे येतो. इथे एक गैरसमज आपल्याकडेही आहे आणि आपल्या हिंदू मित्रांकडेही, तो म्हणजे मुसलमानांच्या पोरांचा निकाल कोर्टात "त्यांच्या शरियतने" लागतो. 1937 च्या शरियत कायद्यात पालकत्व हा विषय आहे, हे खरं. पण ताब्याचा अर्ज होतो तो 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली, जो सगळ्या धर्मांना लागू आहे. गंमत म्हणजे तोच इंग्रजांचा कायदा आज पाकिस्तानात आणि बांगलादेशातही चालतो. त्याच्या 17 व्या कलमात मुलाचं हित बघायला सांगितलं आहे. मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाची वागणूक, आणि मूल समजतं असेल तर त्याची स्वतःची इच्छा. वैयक्तिक कायदा तिथे विचारात घेतात, पण हित आणि वय यांची टक्कर झाली तर वजन हिताला.

हे पुस्तकातलं बोलणं नाही. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याच्या न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये एका मुस्लिम मुलाचा ताबा बापाला दिला होता. मुलगा 7 वर्षांच्या पुढे गेला, आता वैयक्तिक कायद्याने बापाचा, हाच मुद्दा. आई मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. 21 जुलै 2025 रोजी न्यायमूर्ती शैलेश ब्रह्मे यांनी तो आदेश रद्द केला. त्यांनी 9 वर्षांच्या त्या मुलाशी स्वतः बोलून बघितलं, त्याचा जीव आईत आहे हे त्यांना दिसलं, आणि वैयक्तिक कायदा एका बाजूला व मुलाचं हित दुसऱ्या बाजूला असेल तर हिताचं पारडं जड, असं म्हटलं. बापाला भेटीचा हक्क ठेवला. मी हा निकाल वाचला तेव्हा मला तो पैगंबरांपुढे (सल्ल.) आईचा हात धरणारा पोरगाच आठवला. ज्यांना यात शरियतवर आक्रमण दिसलं, त्यांनी कोणती शरियत वाचली होती, देव जाणे.

जमातीच्या कागदाचं म्हणाल तर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वलोचन मदन यांच्या प्रकरणात सांगून टाकलं की फतवा आणि दारुल कजाचा निर्णय कुणावर बंधनकारक नाही. मान्य असेल तर पाळा, नसेल तर नका पाळू. मी दारुल कजाच्या विरोधात नाही. घरातलं भांडण घराजवळ, कमी पैशात, आपल्या बोलीत मिटलं तर वाईट काय? कोर्टात तारखा पडतात, वकील लागतो, मानोऱ्याहून वाशिमला जायचं तर रोजी बुडते. पण मिटवणारे लोक पोराला यादीतली एक वस्तू समजत असतील, तर ती तडजोड कसली.

आपल्या बायकांना ज्या गोष्टी माहीत असायला हव्यात आणि नसतात, त्या सांगून टाकतो. ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करायचा असतो. नवरा सुरतला असो की मुंबईला, पोर कारंज्यात नानीकडे वाढत असेल तर खटला आपल्याच जिल्ह्यात चालतो. अंतिम निकालाची वाट न बघता तात्पुरता ताबा 12 व्या कलमाखाली मागता येतो. घरात मारहाण झाली असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 21 व्या कलमाखालीही तो मिळतो. बाईला आणि मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, विधी सेवा प्राधिकरणाचा फोन 15100. हे सगळं मशिदीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? चंद्राच्या तारखा लावतोच ना.

तात्पुरत्या आदेशावर मी एवढा भर का देतो तेही ऐका. बाई पोलीस ठाण्यात जाते, पोरगा पळवून नेला म्हणते, आणि हवालदार म्हणतो, बापानेच नेला ना? तो हवालदार अगदीच चुकीचं बोलत नाही. 2023 मध्ये नागपूर खंडपीठाने अमरावतीच्या एका हिंदू कुटुंबाच्या प्रकरणात म्हटलं की कोर्टाची मनाई नसताना बापाने स्वतःचं मूल आईकडून नेलं तर त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा होत नाही. म्हणजे हातात आदेश नसेल तर पोलीस हात वर करणार. आणि पोर सहा महिने तिकडे राहिलं, तिकडच्या शाळेत गेलं, की मग "त्याची सवय मोडू नका" हा युक्तिवाद तयार. वेळ पहिल्या आठवड्यात असते. आपण तो आठवडा बैठका घेण्यात घालवतो.

खर्चाच्या बाबतीतही तसंच. 1986 च्या कायद्यानंतर पुष्कळ नवरे म्हणू लागले की मुलाचा खर्च फक्त 2 वर्षांपर्यंत. बिहारच्या गोपालगंजमधली एक आई तीन मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. प्रत्येक मुलामागे महिना 150 रुपये, एवढ्यासाठी. 1997 साली नूर सबा खातून यांच्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की ती 2 वर्षांची गोष्ट आईच्या हक्काची आहे. मुलांचा स्वतःचा हक्क वेगळा आहे, तो मुलं सज्ञान होईपर्यंत आणि मुलींचा निकाह होईपर्यंत चालतो. तेव्हाचं 125 वं कलम आता नव्या संहितेत 144 वं झालं आहे. कलमाचा आकडा बदलला म्हणून बापाचं काम बदललं नाही.

आता थोडं आपल्या पुढाऱ्यांबद्दल. 1966 च्या 18 एप्रिलला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तेव्हापासून आपण तलाकवर भांडतो आहोत. एकदा म्हटला की तीनदा, तोंडी की लेखी, फोनवर की पत्रावर. साठ वर्षं शब्दावर भांडलो. तो शब्द उच्चारल्यानंतर रात्री पोर कुठे झोपलं, हे विचारलं नाही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायकांनी 2014 मध्ये कुटुंब कायद्याचा मसुदा केला, त्यात मुलांच्या ताब्याचाही विचार होता. त्यावर चर्चा करण्याऐवजी आपण त्या बायकांचे बुरखे आणि नवरे मोजले.

आणि सरकारने काय केलं? 2019 चा कायदा केला. एका दमात तीन तलाक देणाऱ्याला 3 वर्षांची कैद. त्याच कायद्याच्या 6 व्या कलमात अल्पवयीन मुलांचा ताबा आईला दिला आहे. ऐकायला छान. पण तो फक्त अशा तलाकपुरता. नवऱ्याने तीन महिन्यांत रीतसर तलाक दिला तर हे कलम लागू नाही. बाईने खुला घेतला तर नाही. आणि आमच्या भागात मी बघतो त्या बहुतेक प्रकरणांत खुलाच असतो, किंवा दोन्हीही नसतं आणि नवरा नुसता निघून गेलेला असतो. म्हणजे ज्या बापाला तुरुंगात टाकायचं आहे, त्याच्याच पोरांची काळजी कायद्याला. बाकीच्या पोरांनी काय करायचं? आई-बापाच्या तलाकचा प्रकार कोणता होता यावरून पोराचा हक्क ठरावा, हे कुठल्या बुद्धीत बसतं?

हिंदू वाचकांपैकी जे इथपर्यंत "बघा, यांच्यात असं असतं" म्हणत आले असतील, त्यांनी 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काढून 6 वं कलम वाचावं. नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. 5 वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. म्हणजे आमच्याकडे मुलगा 7 पर्यंत, तुमच्याकडे 5 पर्यंत. गीता हरिहरन यांना स्वतःच्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 1999 मध्ये न्यायालयाने "नंतर" या शब्दाचा अर्थ थोडा सैल केला. कायदा आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात बापाचं हे वरचं स्थान काढा, संयुक्त ताब्याची सोय करा असं सुचवलं. अहवाल आहे तिथेच आहे. मुसलमान बायकांच्या दुःखाने ज्यांना झोप येत नाही, त्यांनी तो अहवाल उशाला घ्यावा.

इजिप्तने 2005 मध्ये मुलगा-मुलगी दोघांसाठी आईकडे राहण्याचं वय 15 केलं. मोरोक्कोत 2004 च्या कायद्याने 15 व्या वर्षी मूल स्वतः निवडतं. दोन्ही ठिकाणी काही इस्लाम बुडाला नाही. आपण मात्र अजून 7 ला चिकटून आहोत. चिकटून म्हणजे काय, सोयीचं असेल तर चिकटून. पोरगा चार वर्षांचा असेल तर तेही नाही.

एक गोष्ट मला बापांच्या बाजूनेही बोलायची आहे, नाहीतर हे लिहिणं अर्धवट राहील. असेही बाप मी बघतो जे दर महिन्याला पैसे पाठवतात आणि पोराचं तोंड बघायला तरसतात. ईदला नवे कपडे घेऊन सासुरवाडीच्या दारात उभे राहतात आणि मामू आतून सांगतो, मूल घरी नाही. मूल खिडकीतून बघत असतं. ज्या आयतीत दूध पाजण्याची आणि बापाने खर्च करण्याची गोष्ट आली आहे, तिथेच आईला मुलामुळे त्रास देऊ नका आणि बापालाही देऊ नका, असं दोघांचं नाव घेऊन सांगितलं आहे. सुरा बकराची 233 वी आयत. आपण तिचा पहिला अर्धा भाग बायकांच्या इज्तेमात वाचतो आणि दुसरा वाचतच नाही. मुलाला बाप न भेटू देणं हा आईचा सूड असेल, पण त्याची किंमत मूल चुकवतं. बापाची भेट लिहून ठेवा. दिवस लिहा, वेळ लिहा, कुठे भेटायचं ते लिहा. बस स्टँडवर नको, कोणाच्या तरी घरी.

शेतीचा मुद्दाही राहिला. बाप मेला, पोराच्या नावावर दोन एकर सोयाबीनचा तुकडा आला, आणि सांभाळणारी आई एकटी. तिला वाटतं, मी आई आहे, सही करीन. 1918 साली प्रिव्ही कौन्सिलने इमामबांदीच्या खटल्यात सांगितलं की मुस्लिम आई मुलाच्या स्थावर मालमत्तेची कायदेशीर पालक नाही, तिने केलेली विक्री चालत नाही. शंभर वर्षं झाली, नियम तोच आहे. जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. हे माहीत नसल्यामुळे चाचे लोक पोराच्या वतीने "कारभार" बघतात, आणि पोरगा 18 चा होतो तेव्हा सातबाऱ्यावर काय शिल्लक असतं ते मी सांगायला नको. राज्य सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बापाच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं ठरवलं. नाव आलं, छान झालं. सहीचं काय?

मग खुलानाम्यात, तलाकनाम्यात लिहायचं काय? मुलांची नावं आणि जन्मतारखा लिहा. मूल कुणाकडे राहील आणि का, ते लिहा. भावंडं तोडू नका. "बेटा बाप का, बेटी माँ की" ही वाटणी कुठल्याही मजहबात नाही, कुठल्याही कायद्यात नाही. दर महिन्याला किती रक्कम, कोणत्या खात्यात, शाळेची फी आणि दवाखाना कुणी द्यायचा, ते लिहा. ज्याच्याकडे मूल नाही त्याची भेट लिहा. मूल 7 वर्षांच्या पुढचं असेल तर त्याच्याशी आधी बोला, आणि बोलताना दोन्हीकडचे चाचे-मामू समोर बसलेले नसावेत. "कोणतीही मागणी राहणार नाही" हे वाक्य मुलांच्या बाबतीत कधीही लिहू नका. लिहिलंत तरी कोर्ट ते मुलावर लादत नाही, पण आईला ते माहीत नसतं, आणि ती त्या वाक्याला घाबरून वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढत नाही. माझ्या वाक्याने एक बाई अशी घाबरून राहिली. तिने तिचा मुलगा पुन्हा पाहिला तो थेट नववीत असताना, एका लग्नात, आणि त्याने तिला खाला म्हटलं.

मागच्या रमजानच्या आधी एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. एक मॅटर आहे, रविवारी बसायचं आहे, सर, तुम्ही मजकूर सांगायला या. तीन मुलं आहेत म्हणाला. मी म्हणालो, येतो, पण मुलांचं आधी लिहू, सामानाचं नंतर. आणि मुलांच्या आईला त्याच खोलीत बसवायचं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "राहू द्या सर, तुम्हाला कशाला त्रास. पाहतो आम्ही दुसरं कोणी."